बेल्ट मुका असतो

भाद्रपद शुद्ध एकादशी
मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

मायन्यात ‘चि.’च्या पुढे ‘सौ.’ लिहावे की नाही, याशी लेखणी बराच वेळ थबकली. ते अक्षर लिहिण्याचा अधिकार आता बहुधा न्यायालयाकडे गेला आहे. ‘चि.’ मात्र माझ्याकडचे आहे, म्हणून तेवढेच लिहिले.

हे पत्र तुझ्या आणि ऋतुराजच्या संबंधाविषयी नाही. विषय गाडीचा आहे.

तू कबनूरला माहेरी गेलीस त्यास दोन वर्षे होत आली. जाताना गाडीची किल्ली देवघराबाहेरच्या खुंटीला अडकवून गेलीस. गाडी तुझ्या नावावर, तुझ्या पगारातून घेतलेली. तरी ती नेण्याविषयी तू बोलली नाहीस आणि मीही विचारले नाही. ऋतुराज ती चालवत नाही. दर गुरुवारी थोडा वेळ सुरू करून ठेवतो, दावणीच्या जनावराला वैरण टाकावी तशी. मागच्या महिन्यात तू त्याला फोनवर म्हणालीस म्हणे, ‘काय करायचं ते करा त्या गाडीचं.’ त्याने ते शब्द तसेच उचलले. कोडोलीचे ज्ञानू म्हणून एक शेतकरी आहेत, ते गाडी घेण्यास उत्सुक आहेत. बोलणी दसऱ्याच्या सुमारास पक्की व्हायची आहेत.

त्याआधी गाडी दाखवावी म्हणून ती उद्यमनगरात रशीदच्या गॅरेजवर नेली होती. तुला रशीद आठवत असेल. बोलतो तेव्हा शेजारचे लेथ-यंत्र बंद पडल्यासारखे वाटते. त्याने सांगितले की इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलावा लागेल. हे प्रकरण मला ठाऊक नव्हते. इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाची हालचाल खालच्या अर्ध्या भागाशी जुळवून ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा असतो. तो धावत्या गाडीत तुटला, तर जे भाग एकमेकांना चुकवत फिरतात तेच एकमेकांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी निकामी होते.

मी म्हटले, गाडी फारशी फिरलेलीच नाही. पुस्तिकेत लिहिलेला आकडा अजून कितीतरी दूर आहे.

‘‘बाई, गाडी किती पळाली ते बघू नगा, किती वरसं झाली ते बघा. रबर हाय ते. हुबं ऱ्हाऊन बी म्हातारं हुतंय.’’

‘‘मग तुटण्याआधी काही आवाज येईल?’’

‘‘चेन असती तर वाजली असती. बेल्ट मुका असतोय.’’

‘‘अंदाजे कधी तुटेल?’’

‘‘ते सांगता आलं असतं तर गॅरेज कशाला काढलं असतं? पंचांग छापलं असतं की.’’

घरी येऊन पुस्तिका उघडली. अनुष्ठान जसे संख्येने पुरे होते किंवा मुदतीने, तसेच तिथेही दिले आहे: इतके अंतर किंवा इतकी वर्षे, आणि पुढे ‘जे आधी येईल ते’. मी आजवर केवळ संख्येकडे पाहत होते. मुदत गेल्या वर्षीच सरली आहे.

गाडी तुझी आहे, म्हणून विचारते. बेल्ट बदलावा का, आणि केव्हा? चार ओळींचे उत्तर पाठव. फोन नको. फोनवर आपण दोघी गप्प बसू आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसू.

माझी प्रकृती बरी आहे. हल्ली सकाळी रंकाळ्याच्या बाजूला जाते, तेवढेच हवापालट.

शालूबाई

*

भाद्रपद वद्य तृतीया

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

तुझे उत्तर आले नाही. कबनूर इथून तासाभराच्या वाटेवर आहे. टपाल कुठल्या वाटेने जाते ते त्यालाच ठाऊक.

तोवर इकडे एक गोष्ट घडली. काल जेवताना मी ऋतुराजला विचारले, ‘‘बेल्टची मुदत सरली आहे हे तू ज्ञानूंना सांगितलेस का?’’

तो पानात बघत म्हणाला, ‘‘त्यांनी विचारलं तर सांगेन की, आई.’’

हे वाक्य तुला नवे नसणार. त्याने नोकरी सोडली तेव्हाही तो डबा घेऊन रोज वेळेवर बाहेर पडत होता, आणि शेजारणीने सांगितल्यावर तू विचारलेस तेव्हा त्याने लगेच कबूल केले. तो खोटे बोलला नाही. त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच. एका अर्धसत्यामुळे जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ धुळीला टेकला, ही कथा कोडोलीच्या निरूपणाहून परतताना मी तुला सांगितली होती. तू गाडी चालवता चालवता म्हणाली होतीस, ‘‘आत्या, रथ टेकला ते ठीक. पण रथात मागं बसलेल्या माणसाला धक्का बसला असेल, त्याचं काय?’’ इतकी वर्षे ती कथा सांगत आले. तो प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

तर मी ठरवले की गाडी कोणाकडेही जावो, तुटू शकणाऱ्या पट्ट्यासह जाणार नाही. ज्ञानूंच्या घरची माणसे तिच्यात बसतील. बेल्ट बदलायचा.

परंतु केव्हा, हा प्रश्न राहिलाच. पितृपंधरवडा लागला आहे. या दिवसांत घरात नवी वस्तू आणू नये असा आपला परिपाठ. रशीदला मी निरोप दिला की दसऱ्याला करू. त्याचा उलट फोन आला.

‘‘बाई, बेल्ट म्हंजे काय सोनं हाय का पंधरवडा बघून घ्यायला?’’

‘‘नवी वस्तू ती नवी वस्तू, रशीद.’’

‘‘मग नवरात्रात म्हणशीला घट बसल्यात. खंडेनवमीला म्हणशीला आज हत्याराला हात लावायचा न्हाय. दसऱ्याला माझं गॅरेज फुलवाल्यावानी भरतंय. बेल्टला कुणी सांगायचं, बाबा, जरा दम धर?’’

मी फोन ठेवला. शास्त्र आपल्या जागी आहे. दसरा काही लांब नाही.

अलीकडे डाव्या गुडघ्यात दुखते. पाय सारखा दाबावा आणि सोडावा लागतो, त्यामुळे असेल. काळजीचे कारण नाही.

शालूबाई

*

भाद्रपद वद्य नवमी

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. ‘आत्या, बेल्टचं तुम्हीच ठरवा. गाडीत माझं काही राहिलेलं नाही.’ अक्षर अजून तसेच आहे, काना ओढताना घाई करणारे.

काही राहिलेले नाही असे तू लिहितेस. मी आज गाडीत जाऊन बसले. स्टिअरिंगला तू शिवलेले खणाच्या कापडाचे आवरण आहे. माझ्या पाठीसाठी डाव्या आसनावर तू ठेवलेली उशी आहे. दाराच्या कप्प्यात वेलदोड्यांची पुरचुंडी आहे, घाटात मला मळमळते म्हणून तू ठेवायचीस ती. आरसाही तुझ्या उंचीला लावलेला आहे. होता, असे म्हणायला हवे; तो मला थोडा खाली करावा लागला.

घरात आपण सासू-सून होतो, वर्षाराणी. गाडीत बसलो की दोन बायका होत असू. तू मला निरूपणाला कोडोलीला न्यायचीस, पौर्णिमेला वाडीला दत्ताच्या दर्शनाला न्यायचीस, आणि वाटेत जे बोलायचीस ते घराच्या उंबऱ्यावर चपलांबरोबर काढून ठेवायचीस. मीही तसेच करत असे. तू गेलीस तेव्हा सर्वांना वाटले की मुलाचे घर मोडले म्हणून मी गप्प झाले. ते होतेच. पण माझी जी एक बोलण्याची जागा होती, तीही गेली, हे मी कोणाला सांगणार?

आता रशीदची गंमत ऐक. परवा त्याच्या पुतण्याचा, नौमानचा, निकाह मिरजेला होता. आपला दोस्त वऱ्हाडासह स्वतःच्या गाडीने निघाला. अंगात शेरवानी, गाडीत बिर्याणीचे हंडे. जयसिंगपूरच्या अलीकडे गाडी बंद. कारण काय, तर बेल्ट तुटला. जगाला शिकवणाऱ्याने स्वतःचा बदलला नव्हता. त्याची मुलगी सुहाना हसून हसून सांगत होती, ‘‘बाई, अब्बा रस्त्यात उभे, आणि जो तो विचारतोय, मेस्त्री कुठाय, मेस्त्री कुठाय.’’ शेवटी हंडे एका टेम्पोत आणि मेस्त्री हंड्यांच्या मध्ये बसून मिरजेला पोहोचला.

मी त्याला म्हटले, ‘‘तुला तर सगळे ठाऊक होते.’’

‘‘ठावं हुतं की, बाई. रोज म्हणायचो, उद्या करू. गाडी रोज चालू हुयाची. चालू हुत्या म्हंजे चांगली हाय, असं वाटतंय मानसाला.’’

हे वाक्य तो सहज बोलून गेला आणि पान्हे पुसू लागला. माझा त्या दिवशी जप नीट झाला नाही. चालू होते आहे म्हणजे चांगले आहे, असे आपल्या घरातही सर्वांनी किती काळ मानले होते.

सुहाना तुला आठवते का? माझ्या शाळेत होती; गुण मिळतात म्हणून संस्कृत घेतले आणि धातुरूपांवरून माझी बोलणी खाल्ली. आता ती मोटार शिकवण्याचा वर्ग चालवते. अधूनमधून भेट होते.

शालूबाई

*

सर्वपित्री अमावास्या

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

आज बेल्ट बदलला.

आज, अमावास्येला, पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी. तुझ्या मामंजींच्या नावाने पान वाढले, कावळा शिवला, आणि हात जोडून उभी असताना मनात आले: आपण पितरांना पाणी देतो ते कशासाठी? त्यांची वाट सुखाची व्हावी म्हणून. मग मागे राहिलेल्या लेकरांची वाट सुखाची करण्याला त्यांची हरकत कशी असेल? तुझे मामंजी असते तर म्हणाले असते, ‘‘शालू, शास्त्र तुला पाठ आहे, अर्थ मला विचार.’’ जेवणे आटोपल्यावर ऋतुराजला म्हटले, चल, उद्यमनगर. त्याने माझ्याकडे पाहिले, पंचांगाकडे पाहिले, आणि किल्ली घेतली.

गॅरेज रिकामे होते. रशीद बाकावर पाय वर घेऊन बसला होता.

‘‘आज अवस, बाई.’’

‘‘ठाऊक आहे.’’

‘‘सगळं कोल्हापूर दसऱ्याची वाट बघतंय. आज याकच गिऱ्हाईक, आन ते बी तुमी? आता मीच पंचांग बघतो.’’

तोंड चालू ठेवून त्याने सायंकाळपर्यंत काम केले. बेल्टबरोबर त्याला ताण देणारी पुली आणि पाण्याचा पंपही बदलला. पुन्हा तेवढ्यासाठी सगळे उघडायला नको म्हणाला. मग जुना बेल्ट माझ्या हातात ठेवला. मला तो धडधाकट दिसला. काळा, गुळगुळीत, एकही दात पडलेला नाही. क्षणभर वाटले, उगाच घाई केली. तेव्हा रशीदने तो उलट्या बाजूने वाकवला. दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा उघडल्या, एकीला लागून दुसरी. सरळ धरला की मिटत होत्या.

अवधूताने पृथ्वीपासून अजगरापर्यंत चोवीस गुरू केले. पंचविसावा करायचा झाला असता तर या पट्ट्याचा विचार त्याने केला असता, असे मला वाटते.

बेल्ट घरी आणून मेजावर ठेवला. रात्री ऋतुराज जेवायला बसला, तेव्हा त्याने तो हातात घेऊन वाकवून पाहिला. मी काहीही विचारले नव्हते, हे लक्षात घे. तो आपणहून म्हणाला, ‘‘आई, हा बदलायला झालाय हे मला गेल्या वर्षीच माहीत होतं.’’

मी वाढत राहिले.

‘‘बदलला असता तर गाडी न्यायला तिला काही अडचण उरली नसती. न्यायला आली असती आणि घेऊन गेली असती. मग दारात काय राहिलं असतं?’’

‘‘आणि आता विकायला काढलीस ती?’’

‘‘ती म्हणाली ना, काय करायचं ते करा. राग आला.’’

न विचारता त्याने सांगितलेली ही माझ्या स्मरणातली पहिली गोष्ट. दुसऱ्या कोणत्या हेतूने ती तुला कळवत नाही. तुझे मन वळावे म्हणून लिहिले असते तर अधिक चांगल्या शब्दांत लिहिले असते. घडले ते तुला ठाऊक असावे, एवढेच. ज्ञानूंना त्याने माझ्यासमोर फोन केला: ‘‘पावणं, गाडी माझी न्हाय, बायकोची हाय. मी विकायला नको हुती काढायला.’’ ज्ञानू कोडोलीहून जे बोलले ते फोनशिवायही ऐकू आले असते. ऋतुराजने सगळे ऐकून घेतले.

शालूबाई

*

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

आज गाडीला हळदकुंकू वाहिले, झेंडू बांधला. आता तुझ्यापासून लपवलेले सांगते. एव्हाना तुला कळलेही असेल, कारण तू माझी वाक्ये वाचायला शिकली आहेस.

मी रंकाळ्याला हवा खायला जात नाही. मी गाडी शिकते आहे. शिकाऊ परवाना मिळाला. अडुसष्टाव्या वर्षी खिडकीतल्या माणसाने विचारले, ‘‘आजी, नातवाचा अर्ज का?’’ मी म्हटले, ‘‘नातू नाही. अर्ज माझाच.’’

सुहाना माझ्यावर मागचे सगळे उट्टे काढते. ‘‘बाई, तुम्ही आम्हाला एकेक रूप दहादा लिहायला लावायचा. हाफ क्लच, दहा वेळा, चला.’’ पहिल्या दिवशी मी डोळे मिटून दत्ताचे नाव घेतले तर ओरडली, ‘‘बाई, देव नंतर. आधी आरसा.’’ डावा गुडघा क्लचने धरला आहे. दोनदा फुटपाथवर चढले. एकदा एका म्हशीने माझ्यासाठी रस्ता सोडला. तिला प्रसंगाची जाण अधिक होती.

हे सारे कशासाठी, ते आता नीट लिहिते. गाडी तुझी आहे आणि ती तुझ्या दारात चालत्या स्थितीत पोहोचली पाहिजे. ऋतुराजने आणून दिली तर तुम्हा दोघांमध्ये काही बोलणे होईल, किंवा होणार नाही, आणि दोन्ही तुला जड जाईल. परक्या ड्रायव्हरकडून पाठवली तर ती परत केल्यासारखी होईल. ती मीच आणली पाहिजे. दिवाळीनंतर तुमची न्यायालयातली तारीख आहे. मी तुला परत ये म्हणणार नाही. तो निर्णय तुम्हा दोघांचा, आणि तू विचार करूनच घेतला असशील. परंतु त्या कागदावर जी नाती मोडतील त्यांत माझे-तुझे नाते लिहिलेले आहे का, हे मला पाहायचे आहे. मला वाटते, नसावे.

कोजागरीच्या सकाळी निघेन. सुहाना शेजारी असेल. तुझ्या बोळाच्या तोंडाशी येऊन दोनदा हॉर्न वाजवीन. तू बाहेर आलीस तर किल्ली तुझ्या हातात देईन. नाही आलीस तर तुझ्या आईच्या हातात देऊन एसटीने परतेन. रागावणार नाही.

तुझी,
शालूबाई

*

आश्विन वद्य प्रतिपदा

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

कालचाच दिवस, आणि तू स्वतः त्यात होतीस, तरी लिहिते. त्या वेळी मी काय पाहत होते ते तुला कळायला हवे.

कोल्हापूर सोडेपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेले नाही. अतिग्र्याजवळ मागच्या एसटीने इतका हॉर्न दिला की सुहानाने खिडकीतून मान काढून सांगितले, ‘‘दादा, आमच्या बाई शिकतायत. तुम्ही पण कधीतरी शिकलासा न्हवं?’’ एसटीवाला पुढे जाताना हसला आणि त्याने हात केला. त्यानंतर माझी भीती उतरली. इंजिन एका लयीत चालले होते. तो नवा पट्टा आत कुठेतरी मुकाट फिरत होता, आणि त्याच्या मुकेपणाची मला आता धास्ती नव्हती.

तुझ्या बोळाशी आले. दोनदा हॉर्न वाजवला. कबनूरला दिवसा यंत्रमाग चालू असतात, हे मी विसरूनच गेले होते. दोन्ही बाजूंनी खडखडाट. त्यात माझा हॉर्न म्हणजे मारुतीच्या देवळात मुंगीची घंटा. कोणी आले नाही. सुहाना म्हणाली, ‘‘बाई, ऐकूच गेलं नसेल.’’ मी म्हटले, ‘‘किंवा ऐकू गेले असेल.’’ आणि स्टिअरिंग धरून बसले. पत्रात लिहिल्याप्रमाणे आता किल्ली तुझ्या आईला द्यायची आणि परतायचे. मान राहिला असता. दोघींचाही.

मग जुन्या बेल्टच्या त्या चिरा डोळ्यांपुढे आल्या. मी खूण मिळण्याची वाट पाहत होते. खूण मिळत नसते. उतरले, बोळात शिरले आणि मागांच्या वर आवाज चढवून तुला हाक मारली. वर्गाबाहेर इतक्या मोठ्याने मी उभ्या जन्मात ओरडले नसेन. तू ओल्या हातांनी धावत बाहेर आलीस आणि म्हणालीस, ‘‘आत्या, सकाळपासून खिडकीत उभी होते. आत्ताच तांदूळ धुवायला गेले.’’

मी किल्ली पुढे केली. तू ती घेतली नाहीस. गाडीला एक फेरी मारलीस, खणाच्या आवरणाकडे पाहिलेस, खाली केलेल्या आरशाकडे पाहिलेस. मला वाटले, आता चालकाच्या बाजूचे दार उघडशील. तू डावीकडे गेलीस. सुहानाला म्हणालीस, ‘‘जरा मागं बसतीस का, बाळ?’’ आणि माझ्या उशीला पाठ टेकून, पट्टा लावून, समोर बघत बसलीस.

‘‘पौर्णिमा आहे. वाडीला चला, आत्या. क्लच हळू सोडा.’’

सुहाना मागून म्हणाली, ‘‘बाई, आजपासून फी हिला द्या.’’

कुरुंदवाडपर्यंत तू क्वचितच बोललीस. गतिरोधक आला की ‘हळू’ आणि वळण आले की ‘आता’. मी इतकी वर्षे तुझ्या शेजारी बसून बोलत होते. काल कळले की तू तेव्हा ऐकत असताना किती कामे एकाच वेळी करत होतीस. वाडीच्या अलीकडे तू म्हणालीस, ‘‘तारखेला मी येणार आहे. माझा विचार बदललेला नाही.’’ मी म्हटले, ‘‘ठीक आहे.’’ डोळे रस्त्यावरच ठेवले, सुहानाने शिकवल्याप्रमाणे. मग तू दाराच्या कप्प्यातली पुरचुंडी काढलीस, त्यातला एक वेलदोडा सोलून माझ्या तोंडात घातलास. घाट नव्हता तरी.

दर्शन घेऊन गाडी तुझ्या दारात लावली, किल्ली तुझ्या हातात ठेवली आणि आम्ही दोघी एसटीने परतलो. ऋतुराज जागा होता. त्याने विचारले, ‘‘बेल्ट कसा वाटला?’’ मी म्हटले, ‘‘आवाज नाही.’’ मग त्याने न विचारता सांगितले की देवघराबाहेरची रिकामी खुंटी तो तशीच ठेवणार आहे.

पुढचा बेल्ट बदलायची वेळ येईल तेव्हा मी असेन की नसेन, सांगता येत नाही. मुदत लक्षात ठेव आणि वेळेआधी बदल, पंचांग न बघता. त्याअगोदर पुष्कळ पौर्णिमा आहेत. पुढच्या पौर्णिमेला कबनूरला एसटीने येईन. कोणत्या बाजूला बसायचे, ते तेव्हा ठरवू.

तुझी,
आत्या